सोन्याच्या गुहेपासून चार मैल

मोरेश्वर काकांना अ‍ॅझ्टेकांच्या सोन्याचं खूळ लागलं ते नोकरी गेल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात. नोकरी गेली की माणसं काहीबाही करतातच. २००१ साली प्लेनोत टेलिकॉमचा बाजार बसला तेव्हा कुणी रिअल इस्टेटचं लायसन्स काढलं, कुणी बॅकयार्डात वांगी लावली, एकानं तर पेट्या दुरुस्त करायला घेतल्या, म्हणजे हार्मोनियमच्या. काकांना गराज सेलमध्ये घेतलेल्या टेबलाच्या खणात एक जुनी वही सापडली आणि त्यांचं डोकं तिथं अडकलं ते अडकलंच.

वही कुणा सर्वेअरची होती, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली खोगिरासारखी एक टेकडी, तिच्या पोटात गुहा, गुहेच्या तोंडाशी दगडावर कोरलेला साप. खाली पेन्सिलीनं एक ओळ: मेक्सिकोच्या राजाचं सोनं इथं आणून ठेवलं होतं, असं इथला एक म्हातारा सांगतो. झालं! स्पॅनिश फौजा आल्या तेव्हा अ‍ॅझ्टेकांनी आपलं सोनं उत्तरेकडे पळवलं, ही दंतकथा काकांनी लायब्ररीतून शोधून काढली आणि वहीला जोडली. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजच्या तारा तपासलेला माणूस तो, दोन सुट्या तारा दिसल्या की त्याचे हात शिवशिवणारच. अकरा महिने ते नकाशे छापत होते आणि शैलजा काकू त्या नकाशांवर भाजी निवडत होत्या.

शेवटी काकूंनी शेजारच्या प्रसन्नला गाठलं. "हे ऐकायचे नाहीत, एकटेच जातील. बासष्टावं चालू आहे. तू बरोबर जा रे बाबा."

प्रसन्न नागपूरचा. वय तेहतीस, डेटाबेस सांभाळणारा, मंडळाच्या गणपतीत साऊंड सिस्टिम लावणारा, कुणाला नाही म्हणता न येणारा. त्याला वेळच वेळ होता. नोव्हेंबरात त्याचीही नोकरी गेली होती आणि नोकरीबरोबर व्हिसाही. नियमानं त्यानं परत जायला हवं होतं. तो गेला नाही. रेणूला आणि दोन वर्षांच्या नैनाला घेऊन तो अपार्टमेंटमध्ये गपचूप बसला आणि विचारणाऱ्यांना "बिटविन प्रोजेक्ट्स आहे यार" असं सांगू लागला. वकिलानं एक बारीक फट दाखवली होती. बेलव्ह्यूच्या एका कंपनीत शेवटचा इंटरव्ह्यू येत्या गुरुवारी होता. त्यांनी घेतलं तर कागद कदाचित सुधारता येणार होते. तोवर कुठं म्हणजे कुठं नाव येऊ द्यायचं नाही, ट्रॅफिकचं तिकीटसुद्धा नाही, असं वकिलानं दोनदा बजावलं होतं.

अशा माणसानं बॉर्डरजवळच्या वाळवंटात जाऊ नये हे कुणालाही कळेल. रेणूला कळलंच होतं. "दोघांचीही डोकी फिरलीत," एवढंच म्हणून ती नैनाला भरवायला लागली. प्रसन्न तरीही गेला. काकूंना शब्द दिला होता हे एक कारण. दुसरं त्यानं कुणाला सांगितलं नाही: रोज संध्याकाळी काकांचे नकाशे बघून बघून त्यालाही ते सोनं थोडंथोडं खरं वाटायला लागलं होतं. दुसरं काही खरं वाटावं असं त्याच्याकडे उरलंच नव्हतं.

मे महिन्याच्या मध्यावर ते काकांच्या कॅमरीतून निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पेट्रोल पंपावरची बाई म्हणाली, उद्या एकशे आठ होणार आहे, चालत कुठं जाऊ नका. प्रसन्नला हसू आलं. एकशे आठ फॅरनहाइट म्हणजे आपले बेचाळीस. "काका, आमच्या नागपुरात बेचाळीसला लोक लग्नाच्या पंगतीत बसतात." काकाही हसले. लू लागू नये म्हणून प्रसन्ननं दोघांच्या खिशात एकेक कांदा घातला. कांदा कशाला लागतो हे तिथल्या सूर्याला कोण सांगणार? नागपूरच्या उन्हात दर शंभर पावलांवर सावली असते, रसवंती असते, ओळखीचं एखादं दार असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पहाटे उजाडताना कच्चा रस्ता जिथं संपला तिथं, कोरड्या ओढ्याच्या काठी, त्यांनी गाडी लावली. तिथून गुहा सात मैल. पाठीवर पाणी, एक लहान फावडं, काकूंनी दिलेले मेथीचे ठेपले. मोबाइलला रेंज नव्हतीच. पहिले दोन तास काका पुढं आणि प्रसन्न मागं असे चालत होते. काका मध्येच थांबून वहीतलं चित्र समोर धरत आणि म्हणत, "बघ, बघ, उजवीकडचा सुळका बरोब्बर!" टेकडी खरंच खोगिरासारखी होती. प्रसन्न आता काकांच्या पुढं चालायला लागला. दहाच्या सुमारास ते गुहेच्या तोंडाशी पोचले.

गुहा होती. आतमध्ये माणसाची चाहूलही होती, पण ती अ‍ॅझ्टेकांची नव्हे. काळ्या रंगानं माखलेले पाण्याचे रिकामे कॅन, फाटक्या पाठपिशव्या, टुना माशाचे डबे, विझलेली मेणबत्ती, आणि वेलक्रोचा एक लहान बूट, नैनाला झाला असता एवढा. दक्षिणेकडून चालत येणारी माणसं इथं दिवसभर दडून बसत असणार. काकांनी तिकडे बघितलंच नाही. ते दगडावरचा साप शोधत होते. एका भेगेवरून त्यांनी बोट फिरवलं, "हाच," म्हणाले, पुन्हा फिरवलं, आणि बोट मागं घेतलं. ती नुसती भेग होती.

तरी त्यांनी तासभर खणलं. प्रसन्नला खणू दिलं नाही. फावडं सारखं खडकावर आपटत होतं. शेवटी काका खाली बसले. शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा बिटासारखा लाल झाला होता.

"कुणीतरी आधीच नेलं असेल," ते म्हणाले.

"असेल, काका."

"शैलजाला सांगू नकोस मी इतका वेळ खणत होतो ते."

प्रसन्नला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. अकरा महिन्यांचे नकाशे तिथंच टाकून ते उठले.

परतीला काकांचे पाय अडखळायला लागले. सकाळच्या वाटेनं टेकडीला लांबून वळसा पडेल म्हणून प्रसन्ननं त्यांना सपाटीवरून आणलं. साडेबाराला पाणी तळाला गेलं, काकांना मळमळायला लागलं, प्रसन्नच्या पोटऱ्यांना गोळे आले. दीडच्या सुमारास समोर एक उंच खांब दिसला. सकाळी ते टेकडीच्या पलीकडून गेले होते, म्हणून तो नजरेला पडला नव्हता. खांबावर सोलर पॅनेलचा पत्रा, वर निळा दिवा, माणसाच्या छातीच्या उंचीवर एक पेटी आणि पेटीवर लाल बटण. बाजूला पाटी, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रसुद्धा. मदत हवी असेल तर बटण दाबा, दिवा लुकलुकायला लागेल. एका तासात बॉर्डर पेट्रोल येईल. इथून हलू नका.

प्रसन्ननं पाटी दोनदा वाचली. गुहा चार मैल मागं राहिली होती, गाडी अजून तीन मैल पुढं होती. गाडीत पाण्याचे चार कॅन होते. काका खांबाला टेकून बसले होते, पत्र्याची हातभर सावली त्यांच्या डोक्यावर होती.

"काका, हे दाबलं की माणसं येतात. तासाभरात."

"कोण माणसं?"

"बॉर्डर पेट्रोल."

काकांनी डोळे उघडून त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुझं नोव्हेंबरातच संपलंय ना रे?"

प्रसन्न त्यांच्यासमोर खाली बसला. "कुणी सांगितलं?"

"रेणू शैलजाकडे येऊन रडली होती. मी बोललो नाही. तुला अवघड वाटेल म्हणून."

वारा नव्हता. प्रसन्नच्या डोळ्यांपुढं गुरुवार आला, वकील आला, नैना आली. त्यानं विचारलं, "दाबू का, काका?"

"नको रे. मला काय झालंय? जरा बसलो की बरं वाटेल. तू गाडी इकडं घेऊन ये."

प्रसन्न उठला. लगेच उठला, हे सांगितलंच पाहिजे. उरलेलं अर्धी बाटली पाणी त्यानं काकांच्या मांडीवर ठेवलं आणि चालायला लागला. आपल्याला किती हलकं वाटतंय याची त्याला लाज वाटली, पण हलकं वाटलं हे खरं. निर्णय काकांनी घेतला होता. वडील माणसानं सांगितलं आणि आपण ऐकलं, यात कुणी काय बोलणार?

तीन मैलांना त्याला पावणेदोन तास लागले. गाडीशी पोचून तो अधाशासारखं पाणी प्यायला, निम्मं ओकला, पुन्हा प्यायला. कॅमरी ओढ्यात घातली. दोनशे पावलं गेली असेल नसेल, पुढची चाकं वाळूत बसली. त्यानं चाकांखाली पायपुसण्या घातल्या, हातांनी वाळू उपसली, शिव्या घातल्या, गणपतीला हाका मारल्या. गाडी आणखी खाली गेली. चार वाजता त्यानं तिचा नाद सोडला, दोन्ही हातांत एकेक कॅन घेतला आणि परत चालायला लागला. मध्येच एक कॅन टाकून दिला, दोन्ही उचलेनात.

वाटेत त्याला सारखं वाटत होतं, काकांनी एव्हाना स्वतःच बटण दाबलं असेल. दाबलेलं असू दे. दाबलेलं नसू दे. दोन्ही गोष्टी तो एकाच वेळी मागत होता आणि त्याचं त्यालाच कळत होतं.

साडेपाचला खांब दिसला. निळा दिवा लुकलुकत नव्हता. जीप नव्हती, माणसं नव्हती. काका होते तिथंच होते, खांबाला टेकलेले. सावली केव्हाच दुसरीकडे सरकली होती आणि ते भर उन्हात होते. बाटलीचं टोपणही उघडलेलं नव्हतं. बटण त्यांच्या डोक्याच्या वर हातभर होतं. चार तास ते त्याच्याखाली बसून होते.

"काका!"

कातडी तव्यासारखी तापलेली, घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे होते पण त्याला बघत नव्हते. "लाइन बिझी आहे," काका पुटपुटले. "थोड्या वेळानं लावा."

प्रसन्ननं बटण दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं, मुठीनं दाबलं. मग काकांच्या डोक्यावर पाणी ओतत, त्यांचे हात चोळत तो मोठमोठ्यानं रडला. वाळवंटात त्याला ऐकणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्यानं पर्वा केली नसती.

ते तासाभरातसुद्धा नाही, चाळीस मिनिटांत आले. दोघं होते. एकानं काकांना जीपच्या सावलीत घेऊन सलाइन लावलं, दुसऱ्यानं रेडिओवर हेलिकॉप्टर बोलावलं. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा काका होते. टूसॉनच्या हॉस्पिटलला पोचलं तेव्हा नव्हते.

प्रसन्नला त्यांनी जीपमधून जवळच्या गावातल्या ऑफिसात आणलं. वाटेत त्यातल्या धिप्पाड माणसानं त्याच्या हातात मिठासाखरेचं नारिंगी पाणी दिलं आणि नाव विचारलं, नातं विचारलं. प्रसन्ननं "अंकल" सांगितलं. कागद त्यानं मागितले नाहीत. उद्या मागतील, आणि मग गुरुवारचं जे व्हायचं ते होईल. त्याबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही हे प्रसन्नच्या लक्षात आलं. मग ऑफिसात त्या माणसानं टेबलावर फोन सरकवला आणि कागदात गुंडाळलेलं एक सँडविच ठेवलं.

काकूंना हॉस्पिटलमधून आधीच कळलं होतं. त्यांचा आवाज रडून रडून बसला होता, पण थरथरत नव्हता.

"काकू, तिथं मदतीचं बटण होतं," प्रसन्न म्हणाला. "दीड वाजताच होतं. मी तेव्हा दाबलं नाही."

"हे नको म्हणाले असतील."

"हो."

"म्हणणारच. सदतीस वर्षं झाली बघ लग्नाला. भात वाढू का, नको. चहा टाकू का, नको. बायपासच्या वेळी छातीत कळ आली, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावू का, तर नको. यांचं पहिलं नको मी कधी धरलंच नाही. दुसऱ्यांदा विचारलं की मुकाट्यानं हो म्हणतात." त्यांनी नाक पुसलेलं ऐकू आलं. "तू दुसऱ्यांदा विचारलं होतंस ना रे?"

प्रसन्ननं डोळे मिटले. "विचारलं, काकू."

"मग?"

"तेव्हाही नकोच म्हणाले."

"मग खरंच नको असेल त्यांना," काकू म्हणाल्या. "तुझ्यासाठी म्हणाले असतील. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याकडून काही राहिलं नाही हो."

खरं काय ते त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. त्यानं फक्त रिसीव्हर कानाशी दाबून धरला.

"सकाळपासून काही खाल्लंयस का?"

"नको, काकू."

"नको काय? उपाशी राहून कसं चालेल? आहे का तिथं काही?"

"सँडविच आहे."

"खा मग. थोडं तरी खा. हे बघ, मी फोनवर थांबते, माझ्यादेखत दोन घास खा."

प्रसन्ननं सँडविचचा कागद सोडला आणि एक घास तोडला.