कुरकुर

रेकॉर्डिंगवाल्याने गाणं थांबवलं, मागे नेलं आणि पुन्हा लावलं. धृपद संपून पियानोचे सूर विरत गेले, आणि शेवटचं कडवं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत स्वच्छ ऐकू आलं, कुर्र.

"ही कुरकुर कुणाची?"

"आणखी कुणाची? माझ्या नवऱ्याची," ती म्हणाली.

गिटारवाला हसला. ड्रमच्या मागे बसलेला नवरा हसला नाही.

बँडची संथ गाणी ती पियानोवर बसवायची. एरवी छप्पर उडवणाऱ्या या बँडची नेमकी तीच गाणी लोकांनी डोक्यावर घेतली होती, आणि त्यांत ड्रमला काही कामच नव्हतं. कार्यक्रमात पियानो सुरू झाला की तो काड्या ठेवून पाणी प्यायला विंगेत जायचा. "बायकोने घरी बसवलेले नवरे पुष्कळ असतील, मला स्टेजवर बसवलंय," असं म्हणायचा. अलीकडे त्यातली गंमत पातळ होत चालली होती. या गाण्यासाठी त्याने मन लावून, काड्यांऐवजी तारांच्या ब्रशवर एक हलका ठेका बसवला. सकाळी तो घेऊन गाणं दोनदा वाजवलं. मग कुणीच बोलेना, तेव्हा तिलाच बोलावं लागलं.

"ठेका छान आहे रे. पण गाण्याला घाई होतेय."

"राहिलं. मी आहेच शोभेला," तो म्हणाला. पण गाणं ठेक्याशिवाय रेकॉर्ड झालं तेव्हा उठून मात्र गेला नाही.

आता तिने कान देऊन पुन्हा ऐकलं. जिथे त्याचा ठेका यायचा होता, तिथेच ते कुर्र होतं. हात मांडीवर ठेवून तो गप्प बसला होता खरा, पण अंग आपसूक पुढे झुकलं होतं आणि स्टुलाने चहाडी केली होती.

"काढून टाकतो. लगेच होईल," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"काढा, काढा. तेल घालायचं राहिलं माझं," नवरा म्हणाला.

"राहू द्या ते," ती म्हणाली.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"ही कुरकुर घरी मी रोज ऐकते. लोकांनी एकदा ऐकली तर काही बिघडत नाही."

गाणं बाहेर आलं आणि बघता बघता घरोघरी गेलं. त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमात तिने ते सुरू केलं, तेव्हा तो नेहमीसारखा उठला, आणि का कोण जाणे, परत बसला. धृपद संपलं. तो पुढे झुकला. स्टुलाला तेल घातलेलं होतं; काही वाजलं नाही.

अंधारातून कुणीतरी तोंडाने आवाज काढला, कुर्र. मग दुसऱ्याने. मग सगळ्या सभागृहाने, अगदी मन लावून, गाण्याची ओळ म्हणावी तसा. तिने बोटं पट्ट्यांवरून उचलली. त्यांचं होऊ दिलं, आणि मगच कडवं घेतलं.

पुढचं गाणं दणक्याचं होतं आणि त्याच्या ठोक्यावर सुरू व्हायचं होतं. तो सुरूच करेना. गिटारवाल्याने वळून पाहिलं. नवरा मान खाली घालून बाहीने तोंड पुसत होता.

"थांब जरा," ती हळूच म्हणाली. "घाम आलाय त्याला."

"न वाजवता?"

हात मांडीवर ठेवून ती त्याच्या ठोक्याची वाट बघत बसली.