मागची डावी जागा

"मागे कोण बसतं?" मिस्त्रींनी नेहमीच्या सवयीने विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

समोरच्या बाईंनी गाडीची किल्ली गॅरेजच्या टेबलावर ठेवली. "आई बसायची," त्या म्हणाल्या. "मागे, डावीकडे. तुम्ही पाहिलंच होतं की काका."

पाहिलं होतं. सात आठवड्यांपूर्वी याच उंच गाडीतून बाई आपल्या आईला घेऊन आल्या होत्या. म्हातारीचा खुबा दुखायचा, पाय वर उचलत नसे. गाडी तीन बोटं खाली घ्या, म्हणजे तिची तिला चढता येईल, एवढंच काम होतं. मिस्त्रींनी दिवसभर खपून चारही स्प्रिंगा बदलल्या. संध्याकाळी म्हातारीला बसवून पाहिलं, तर ती शाल सावरत बसली, उतरली, पुन्हा बसली, असं तिने तीनदा केलं. जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या मुलीसारखी तिला मजा वाटत होती. जाताना काच खाली करून म्हणाली, आता मला कुणाचा हात नको. दार लावल्यावर शालीचं टोक बाहेर राहिलं होतं. बाईंनी हसत हसत दार पुन्हा उघडून ते आत सारलं होतं.

ती गेल्याचं मिस्त्रींना फोनवर कळलं होतं. कशी गेली ते आज कळत होतं. बाई बाकावर बसून सावकाश सांगत होत्या, स्वतःलाच सांगावं तसं. घरी पोचल्यावर त्या फाटक उघडायला उतरल्या. आईला म्हणाल्या, थांब, मी येते. पण आई कसली थांबते. ती आपली आपण उतरायला गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं, मग अंथरूण, मग एकविसावा दिवस.

"त्या एकवीस दिवसांत ती एकच बोलायची," बाई म्हणाल्या. "जमीन खाली गेली गं. डॉक्टर म्हणाले, भ्रम आहे, या वयात होतो. मी तर एकदा रागावलेसुद्धा. म्हटलं, जमीन कशी जाईल खाली? बघून पाय टाकायचा ना. मग ती बोलायचीच बंद झाली."

मिस्त्रींनी टेबलावरची किल्ली उचलली.

"आणि गाडी मागून परत वर आलीये," बाई म्हणाल्या. "ते तेवढं नीट करून द्या. आता कशाला, असं घरचे म्हणतात. पण तिला अर्धं राहिलेलं काम आवडायचं नाही."

गाडी लिफ्टवर चढली. मिस्त्रींनी मागचं डावं चाक काढलं आणि शॉकवरची, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळकांड्यावरची, माती फडक्याने पुसली. पुसता पुसता हात थांबला.

हा शॉक नेहमीपेक्षा जाड होता. गेल्या वेळी त्यांनी तो सोडवून बाजूला ठेवला होता, स्प्रिंग बदलली होती, तोच पुन्हा बसवला होता. पण निरखून पाहिला नव्हता. आपली उंची आपणच राखणारा शॉक होता तो. त्याच्या पोटात पंप असतो. मागे माणसं बसली, गाडी किलोमीटर-दोन किलोमीटर चालली, की रस्त्याच्या धक्क्यांवर तो स्वतःला फुगवत नेतो आणि गाडीला मूळच्या उंचीवर आणून ठेवतो. स्प्रिंग तुम्ही हवी ती घाला, तो ऐकत नाही. म्हणजे इथे कारखान्यात गाडी तीन बोटं खाली होती. म्हातारी इथून चढली. घरापर्यंतच्या वाटेवर गाडी गुपचूप वर उठत गेली. आणि दारात उतरताना म्हातारीने पाय टाकला तेव्हा जमीन तीन बोटं खाली गेलेली होती.

ती अगदी बरोबर सांगत होती.

मिस्त्रींना सगळे ओळंबा म्हणत. भिंत असो, टेबल असो, नुसत्या नजरेने ते सांगत की डावीकडे दोराभर उतार आहे. माप खोटं सांगायचं नाही आणि न मोजता गाडी द्यायची नाही, हे एखाद्या व्रतासारखं त्यांनी एकतीस वर्षं पाळलं होतं. त्या दिवशीही मोजलं होतं. फक्त मोजण्याआधी म्हातारीला बसवून चक्कर मारली नव्हती.

"काय रे ओळंब्या, गाडीखाली समाधी लागली का?" शेजारचा वेल्डर चहा घेऊन आला होता. दोघं एकाच वर्षी या गल्लीत आले होते.

मिस्त्रींनी त्याला सगळं सांगितलं. वेल्डरने चहा खाली ठेवला, बाकाकडे पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाला की हे तुझ्या-माझ्यात राहू दे. तिला शॉकमधलं काय कळतंय? साधे शॉक घाल, गाडी दे, सुटलास.

"ती म्हणते, आई भ्रमात गेली."

"म्हणू दे. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

मिस्त्रींनी पाना उचलला.

जुने शॉक निघाले. डावा फळीवर आडवा ठेवला तेव्हा त्यातून हळूहळू हवा सुटावी तसा आवाज येत राहिला, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. उजवा गप्प होता. मिस्त्रींनी साधे शॉक आणि त्यांना जुळणाऱ्या आखूड स्प्रिंगा बसवल्या. बोल्ट मात्र ढिले ठेवले. त्यांची ही जुनी रीत होती. चाकं लोंबकळत असताना बोल्ट कसले, तर आतलं रबर त्याच स्थितीत जखडतं आणि पुढे कायम पीळ खात राहतं. म्हणून गाडी आधी जमिनीवर घ्यायची, ज्या जागी जो बसतो तिथे त्याच्या वजनाची वाळूची पोती ठेवायची, आणि मग कसायचं. रबराला कसलेली जागा लक्षात राहते, असं ते म्हणत. 'मागे कोण बसतं' हा प्रश्न त्यासाठीच असायचा.

त्यांनी बाईंना आईचं वजन विचारलं.

"शेवटी सत्तेचाळीस," बाई म्हणाल्या. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.

सत्तेचाळीस किलोचं पोतं मागच्या डाव्या जागेवर ठेवलं. ते कलंडायला लागलं म्हणून मिस्त्रींनी त्याला पट्टा लावला. बोल्ट कसले, पोतं बाहेर काढलं, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला. उजवी बाजू बरोबर होती. डावी एक बोट खाली होती.

पोतं बाहेर जमिनीवर होतं. तरी डावी बाजू एक बोट खाली.

चाकांतली हवा तपासली, सारखी होती. स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी उभ्या केल्या, सारख्या होत्या. सगळे बोल्ट ढिले केले, गाडी रिकामी हलवून बसवली, पुन्हा कसले. एक बोट. फरशी तिरकी असेल म्हणून गाडी उलट तोंडाने उभी केली. खाली होती ती डावीच बाजू.

मग मिस्त्री एकटे गाडी घेऊन बाहेर पडले. या वेळी चक्कर मारायची राहू नये म्हणून दोन किलोमीटर गेले, दोन किलोमीटर आले. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती, दुकानं उघडी होती. वळणावर गाडी डावीकडे झुकायची ती मागच्या जागेवर कुणीतरी जपून बसल्यासारखी. मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं नाही. आरसा त्यांनी निघतानाच जरा वर फिरवला होता.

परत आल्यावर वेल्डरने स्वतःच्या टेपने मोजलं. त्याच्या तोंडावर थट्टा आली होती ती तशीच विरली. "आधी नव्हतं का असं?" त्याने विचारलं.

"असेलही," मिस्त्री म्हणाले. "ते शॉक वजन लपवत होते. कितीही बसा, गाडी आपली सरळ. हे साधे आहेत. यांना लपवता येत नाही."

वेल्डर आपल्या दुकानात निघून गेला. चहाचा कप आणि मडगार्डच्या कडेला अडकवलेला टेपही न्यायचा विसरला.

मिस्त्रींनी हात साबणाने दोनदा धुतले, पुसले, आणि बाकाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"ताई, जमीन खरंच खाली गेली होती," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, शॉकचं, पंपाचं, न मारलेल्या चकरेचं. आपली चूक कुठे झाली ते सांगताना त्यांनी एकही शब्द गोल केला नाही. बाई ऐकत होत्या. हातातल्या रुमालाची घडी करत होत्या, मोडत होत्या, पुन्हा करत होत्या.

"म्हणजे तिला भ्रम नव्हता."

"नव्हता. अगदी शेवटपर्यंत शुद्धीत होत्या त्या."

"आणि मी तिला..." बाई थांबल्या. तुम्हाला माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मिस्त्रींनीही ते मागितलं नाही.

त्या उठल्या, गाडीपाशी गेल्या, आणि ती डावी बाजू पाहताच थबकल्या. ते दिसायला टेप लागत नव्हता. त्यांनी मागचं दार उघडलं. आत सीटवर वाळूचे चार कण होते, बाकी काही नव्हतं.

"काका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुम्हीच सांगा तिला उतरायला. माझं आता ती ऐकायची नाही."

मिस्त्रींच्या गुडघ्यांत दुखणं होतं. तरी ते दारापाशी खाली बसले आणि उजवा तळवा फरशीवर पालथा ठेवला, पाय पडेल तिथे.

"उतरा आई," ते म्हणाले. "सावकाश. इथे आहे जमीन. माझा हात आहे बघा तिच्यावर. आता हलायची नाही ती."

खुबा दुखणाऱ्या माणसाला उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ दोघं थांबले. पलीकडे वेल्डरचं यंत्र बंद झालं होतं. मग नव्या रबराने बारीकसा कुरकुर आवाज केला, आणि मडगार्डच्या कडेला अडकवून ठेवलेला टेप बोटभर वर सरकला.

मिस्त्रींनी माप वाचलं नाही. तळवा तसाच राहू दिला.

बाईंनी दार धरलं, पण लगेच लावलं नाही. आधी खाली वाकल्या, शालीचं टोक दारात अडकत नाही ना ते पाहिलं, आणि मग आवाज न करता लावून घेतलं.