बिनकड्यांचं घर

आमच्या घरात एकाही दाराला आतून कडी नाही. आमच्या ह्यांनी लग्नाआधीच सगळ्या उपटून काढल्या होत्या, आणि मला हे लग्नानंतर कळलं. बाथरूमच्या दारावर बाहेरून टॉवेल टाकलेला दिसला की आत माणूस आहे असं समजायचं. माझा भाऊ एकदा टॉवेल घेऊनच आत गेला आणि दारावर काहीच टाकलं नाही. तेव्हापासून तो आमच्याकडे मुक्कामाला येत नाही.

ह्यांना कोंडलेलं सोसत नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाहीत, बंद गळ्याचा स्वेटर घालणार नाहीत. सिनेमाला गेलो तर मध्यंतरानंतर बाहेर पायरीवर जाऊन बसतात आणि शेवट मी घरी येताना सांगायचा. धंदासुद्धा तसलाच शोधला. उंच इमारतींना बाहेरून रंग देतात. दोरीच्या झोपाळ्यावर लोंबकळत सुखाने डबा खातील, पण आतल्या खोलीचं काम म्हटलं की दुसरा माणूस बघा. मला बाई स्टुलावर उभं राहिलं तरी गरगरतं.

हे कशामुळे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, लहानपणी कुठे कोंडून ठेवलं होतं का? हे म्हणाले, आठवत नाही. सासूबाईंकडे मात्र कारणांचा तोटा नव्हता. कधी म्हणायच्या, जन्मला तेव्हा नाळ गळ्याभोवती होती. कधी म्हणायच्या, गोवर अंगात जिरला. आणि माझ्यावर रागावल्या असल्या की, "लग्नाआधी एवढं नव्हतं हो." मी ऐकून घ्यायचे. म्हणजे ऐकून घ्यायचे आणि मग भांडी आपटायचे.

दम्याचा त्रास वाढला तशा त्या आमच्याकडे राहायला आल्या. इथपर्यंत ठीक होतं. मग नळ दुरुस्त करणारा आला. त्याला टॉवेलचं शास्त्र कुणी सांगितलेलं नव्हतं. तो पाना घेऊन सरळ आत, आणि आत सासूबाई. पुढचे कितीतरी दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग आम्ही दोघं घरात नसताना त्यांनी सुताराला बोलावलं आणि बाथरूमला आतून गुपचूप कडी बसवून घेतली. मला विचारलं असतं तर मी दोन बसवून घेतल्या असत्या.

आम्हाला ती कडी कळली ती त्या आत पडल्यावर.

सुट्टीचा दिवस होता. बादली आपटल्याचा आवाज आला, मागोमाग "अगं आई गं!" मी दार ढकललं तर हलेना. दार आतल्या बाजूला उघडतं, वरून कडी, आणि त्या दारालाच टेकून पडलेल्या. तोडावं तर त्यांच्याच अंगावर पडणार. तोंडात मारायचा पंप बाहेर खोलीत त्यांच्या उशाशी, आणि आतून त्यांच्या छातीची शिट्टी मला स्वच्छ ऐकू येत होती. अग्निशमनवाल्यांना फोन केला. निघालोच म्हणाले. निघालोच म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं.

बाथरूमला वर एक झरोका आहे. बाल्कनीच्या कठड्यावरून तिथवर जाता येतं, ज्याला जाता येतं त्याला. हे एका उडीत पोचले, काचेच्या पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या आणि डोकं आत घातलं. खांद्यापर्यंत गेले आणि थांबले. मग तसेच मागे आले. तोंड चुन्यासारखं पांढरं झालं होतं.

"नाही जमणार गं."

"अहो, आई आहे ती तुमची!"

"माहीत आहे मला."

मला इतका संताप आला की हातातल्या काचा खाली टाकाव्यात असं वाटलं. मी तरी काय करणार होते? त्या झरोक्यातून माझा एक दंडसुद्धा गेला नसता. तेवढ्यात आतली शिट्टी बारीक झाली. ह्यांनी मला पंप आणायला लावला. तो दातांत धरला, डोळे मिटले आणि आत घुसले. पाय थोडा वेळ बाहेर झाडत राहिले, मग तेही गेले.

मी धावत दाराशी आले. पंपाचा फस्स आवाज आला, पुन्हा एकदा आला. सासूबाईंचा श्वास हळूहळू ताळ्यावर येऊ लागला. ह्यांचा मात्र येईना. सासूबाईंना एकट्याने हलवता येईना, म्हणून दार बंदच, आणि दाराबाहेर मला ह्यांचीच धाप ऐकू येत होती.

"आई, बोलत राहा. काहीही बोल," हे म्हणाले.

"मी हाका मारल्या रे. कुणी येईचना. भिंती अशा अंगावर यायला लागल्या."

"हं."

"मी कामाला जाताना तुला कुलूप लावून जायचे. रस्ता गाड्यांचा. तुला बघायला कुणी नव्हतं."

"माहीत आहे, आई."

"तुला असंच व्हायचं का रे?"

आत नळ तेवढा टपटपत होता.

"छे गं," हे म्हणाले. "खिडकी होती ना. मी गाड्या बघत बसायचो. मजा यायची."

ह्यांचं लहानपण गेलं ती खोली मी पाहिलेली आहे. लग्नानंतर हे मला दाखवायला घेऊन गेले होते. स्वतः बाहेर उभे राहिले, मी एकटी आत जाऊन आले. चार भिंती आणि एक दार. खिडकीच नाही.

सासूबाईंनी तर त्या खोलीत अर्धं आयुष्य काढलं होतं.

"हो रे," त्या म्हणाल्या, "होती खिडकी." आणि लहान मुलासारख्या रडायला लागल्या.