टाचणीमावशींच्या मुलाचा नंबर

ही गोष्ट कुणालाच खरी वाटणार नाही, आणि वाटूही नये. जिन्याखालच्या या खोपटात बसून मी चाळीस वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. आधी रेडिओ, मग घड्याळं, आता फोन. आणि तितकीच वर्षं लोकांना थापाही मारतोय. गाईने गिळलेला फोन मी दुरुस्त केलाय, तोही बाहेर न काढता. मालक घरबसल्या रिंग द्यायचा आणि गाय आपणहून गोठ्याकडे वळायची. शेजारच्या इस्त्रीवाल्याने हे डोळ्यांनी पाहिलंय. विचारलंत तर तो नाही म्हणेल, पण तो मेला कशालाच हो म्हणत नाही.

टाचणीमावशींच्या फोनची गोष्ट मात्र गाईच्या गोष्टीहूनही पचायला जड आहे. ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच सांगायला बसलो. मावशींच्या धाकटीला.

मावशी समोरच्या इमारतीत राहायच्या. पँट आखूड करणं, ब्लाउज सैल करणं, चेन बदलणं, असली कामं करायच्या. तोंडात कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून. मागच्या महिन्यात त्या गेल्या. मुलगी खोली रिकामी करायला आली होती. चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली आणि तिने टेबलावर एक फोन ठेवला. काचेला वरच्या कोपऱ्यात तडा गेलेला.

"हा दादाचा," ती म्हणाली.

मला माहीतच होता. सहा वर्षांपूर्वी मुलगा आईशी कडाडून भांडला, फोन शिलाई मशीनवर आपटला आणि तसाच जिना उतरून गेला. परत आला नाही. कुठे आहे, आहे की नाही, काही कळलं नाही. मावशींनी तो फोन मशीनशेजारी ठेवून रोज चार्ज केला. त्यांचं म्हणणं, माणूस सगळं विसरेल, स्वतःचा नंबर विसरणार नाही. कधीतरी घरची आठवण आली तर याच नंबरावर लावील.

"नुसतं 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' दाखवतोय," मुलगी म्हणाली. "कशामुळे, ते मला सांगा."

"आता कशाला शिरतेस त्यात? जुना फोन आहे."

"रिचार्ज मी करायचे, काका. दर महिन्याला, माझ्या घरून. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. गेल्या वर्षी मी बंद केला. विसरले नाही हं. बंद केला. इतकी वर्षं ज्याने आई जगली की मेली विचारलं नाही, त्याचा नंबर मी का जिवंत ठेवू, असा राग आला एकदा. म्हणून विचारतेय. माझ्यामुळे गेला का नंबर? दादाने लावला असेल आणि लागला नसेल, असं झालं असेल का?"

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

एका शब्दाचं उत्तर होतं. मी स्टूल पुढे सरकवलं. "बस," म्हटलं. "सांगतो. पण तुझा विश्वास बसणार नाही."

आणि सुरू झालो.

"तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तू आली होतीस बघ महिनाभर, तेव्हाची गोष्ट. पट्टी निघाली आणि तिला पहिल्यांदा त्या काचेवरची बारीक अक्षरं दिसली. लगेच माझ्याकडे आली. म्हणाली, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, इमर्जन्सी. म्हणजे आणीबाणी. यावरून फक्त पोलीस, आगीचा बंब आणि रुग्णवाहिका लागेल. तर म्हणते, आणि मुलगा? म्हटलं, तो नाही लागणार. तर म्हणते, मग ही कसली मेली आणीबाणी?"

मुलगी किंचित हसली. मला जोर आला.

"मग मी कामाला लागलो. फोन बंद करून चालू केला. विमानाचं चिन्ह दाबलं, परत काढलं. काही नाही. सिमचा खण उघडायला माझी सुई सापडेना, तर तुझ्या आईने तोंडातली टाचणी काढून दिली. सिम खोडरबराने घासलं, परत घातलं. तेच. मग माझं सिम तिच्या फोनमध्ये घातलं, तर चार कांड्या रेंज! म्हणजे फोन ठणठणीत. तिचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं, तर माझाही फोन आणीबाणीत. म्हणजे सिम मेलेलं."

"तेच विचारतेय मी. का मेलं?"

"दोन कारणांनी मरतं," मी म्हटलं. "एक, तू म्हणतेस ते. रिचार्ज नाही, कंपनी नंबर काढून घेते. पण दुसरंही आहे. ज्याच्या नावावर नंबर आहे तो स्वतः कंपनीच्या दुकानात जातो, अंगठा देतो, म्हणतो माझं सिम हरवलंय, त्याच नंबराचं नवं द्या. नवं सुरू झालं की त्याच क्षणी जुनं मरतं. नंबर कुणाच्या नावावर होता?"

"दादाच्या."

"मग झालं तर! तुझ्या दादाने कुठेतरी अंगठा दिला. म्हणजे अंगठा शाबूत, म्हणजे दादा शाबूत."

"अरे वा," इस्त्रीवाला म्हणाला. "म्हणजे सिम मेलं म्हणून माणूस जिवंत?"

"तू कॉलरला इस्त्री कर," मी म्हटलं. "मी तिथल्या तिथे माझ्या फोनवरून नंबर लावला. तिसऱ्या रिंगला उचलला. म्हटलं, मी जिन्याखालचा काका. पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. मग म्हणाला, काका, आईला देऊ नका फोन, मला बोलता येणार नाही. तुम्हीच सांगा, मी बरा आहे."

"कुठे होता?" मुलीने विचारलं.

"बोटीवर. बर्फ फोडत जाणाऱ्या बोटीवर आचारी."

"दादा? त्याला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळायचं."

"तुझी आई अगदी हेच म्हणाली! मी म्हटलं, मावशी, बर्फावर बोट हलत नाही. तर म्हणाली, असं होय, मग ठीक."

ते मात्र शब्दशः खरं आहे. मावशी असंच म्हणाल्या होत्या, टाचणी ओठात धरून, माझ्याकडे न बघता.

"मग दर गुरुवारी," मी पुढे म्हटलं, "काम संपलं की ती इथे यायची. तू बसली आहेस त्याच स्टुलावर. मी तिला आठवड्याची खबर द्यायचो. एकदा देवमासा बोटीला पाठ घासायला आला. इतका लाडात आला की जाईना. तुझ्या दादाने खरकट्या पातेल्यावर पळी वाजवून त्याला हाकललं. एकदा कॅप्टनची दाढी गोठली, तर याने वाफाळत्या सुपावर त्याचं तोंड धरून ती मोकळी केली. आई हसायची. विचारायची काय, तर जेवतो का वेळेवर? मी म्हणायचो, आचारीच तो, त्याला कोण उपाशी ठेवतंय. तर म्हणायची, आचारीच उपाशी राहतात, मला विचारा."

"आणि रागावलाय का अजून, असं नाही विचारलं?"

"विचारलं ना. एकदाच." मी टेबलावरचा स्क्रू डबीत टाकला. "मी म्हटलं, छे, राग कसला. तो म्हणाला, भांडणात चूक माझीच होती. तर ती म्हणाली, नाही हो काका, चूक माझी होती. त्याला सांगाल का? मी म्हटलं, सांगतो. आणि सांगितलं."

इस्त्रीवाला पाठ फिरवून उभा होता. समोरचा शर्ट कधीचा इस्त्री होऊन पडला होता, तरी त्याच्यावरून हात फिरवत होता.

"शेवटी शेवटी तिला जिना झेपेना," मी म्हटलं. "मग मीच वर जायचो. एका गुरुवारी म्हणाली, काका, किती दिवस पाण्यावर ठेवणार त्याला? आणा आता जमिनीवर. मी म्हटलं, मावशी, ते काय माझ्या हातात आहे? तर नुसती बघत राहिली माझ्याकडे. म्हटलं, बरं, बघतो. आणि पुढच्या गुरुवारी बोट बंदराला लागली. तो उतरला. किनाऱ्यावर खोली घेतली, खिडकीत एक कुंडी ठेवली. तिने विचारलं, कसली कुंडी? म्हटलं, ते नाही सांगितलं त्याने. म्हणाली, विचारून ठेवा."

"विचारलंत?"

"विचारणारच होतो. पण तेवढ्यात..." तेवढ्यात मावशी गेल्या होत्या. मी सावरलं स्वतःला. "तर पोरी, सांगायचं काय, की तुझ्या रिचार्जचा इथे काही संबंधच नाही. तू बंद केलास की चालू ठेवलास, सगळं सारखंच. नंबर त्याचा होता, त्याने नेला. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. घरी जा आणि नीट जेव."

तिने टेबलावरचा फोन उचलला, ओढणीने काच पुसली आणि परत खाली ठेवला. मला वाटलं जमलं. मी गाईची गोष्ट काढणारच होतो, म्हणजे तिला जाता जाता हसू येईल.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही बोटीचं सांगितलंत ना पहिल्यांदा, त्याच संध्याकाळी आईने माझ्या फोनवरून तो नंबर लावला होता. माझ्यासमोर. एका मुलीने उचलला. मागून शिकवणीच्या वर्गातला गलका ऐकू येत होता. म्हणाली, मला हा नंबर नवीन मिळालाय, तुम्हाला कोण हवंय? आई म्हणाली, कुणी नाही बाळा, चुकून लागला. तू अभ्यास कर."

इस्त्रीवाला वळला.

"मग दर गुरुवारी रात्री जेवणं झाली की मला फोन करायची. आज काकांनी देवमासा आणला, म्हणायची. आज दाढी गोठवली. हसायची खूप. हसून झालं की गप्प बसायची, पण फोन ठेवायची नाही. मला एका शब्दाने बोलली नाही कधी की तू बंद का केलास." तिचा आवाज चढला नव्हता. "खोटं आहे हे सगळं, काका. तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं आणि तिलाही. मी साधं विचारलं होतं, माझ्यामुळे गेला का. हो म्हणा."