शिजेपर्यंत म्हणजे कधी?

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून सासूबाई आल्या आणि दुसऱ्याच दिवशी इमारतीच्या जिन्यात पाय घसरून पडल्या. उजवा हात मोडला. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. जी मदतीला आली होती तीच आता उशीवर हात ठेवून पडून राहायची, आणि घरात धडधाकट माणूस उरलं एकच : जावई.

जावई लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. माणूस सरळ, कष्टाळू, पण स्वयंपाकघरात त्याची मजल पाणी उकळण्यापलीकडे गेलेली नव्हती. सासूबाईंचं अगदी उलट. मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहाची खानावळ त्यांनी जन्मभर चालवली होती. शंभरावर पोरी रोज दोन वेळा जेवून उठायच्या आणि ताटात काही टाकत नसत. अशा बाईने खाटेवर बसून पावाला लोणी लावलेलं खायचं म्हणजे शिक्षाच होती.

पहिल्या दिवशी त्या हट्टाने स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. तोंडाने सांगते, तुम्ही करा, म्हणाल्या. पण ते स्वयंपाकघर इतकं चिंचोळं, की एकाने वळायचं तर दुसऱ्याने श्वास आवरून धरावा. सासूबाई वळल्या, प्लास्टर फळीला लागलं, काचेची बरणी खाली आली. पलीकडच्या खोलीत नुकताच डोळा लागलेलं बाळ किंचाळत उठलं, आणि त्याच्या पाठोपाठ लेकही रडायला लागली.

"आई, तू बाहेर बस बघू! आणि तुम्ही दोघं आतून-बाहेरून एकमेकांशी ओरडून बोलू नका. पाया पडते तुमच्या."

झालं. सासूबाईंना हद्दपारी झाली, वर तोंडालाही कुलूप. राहता राहिला डावा हात. त्यांनी लेकीकडून पेन आणि कागद मागून घेतला, जीभ ओठांत धरून, पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं काढत लिहिलं आणि चिठ्ठी जावयाकडे दिली. डाव्या हाताने फार लिहवत नव्हतं, त्यामुळे मजकूर आटोपशीर होता : "कांदा बारीक चिरून परत. मसूर, बटाटा, पाणी घाला. शिजवा. मीठ चवीनुसार."

दुपारी जे सूप समोर आलं ते पाण्यासारखं होतं आणि त्याच्या तळाशी मसूर गोट्यांसारखे पडले होते. लेकीने घास घेतला आणि दाताखाली कर्रकन वाजलं. खानावळीत कुणी असलं वाढलं असतं तर सासूबाईंनी पातेलं त्याच्या डोक्यावर उपडं केलं असतं. पण हा जावई, त्यात बिचारा घामाने निथळलेला. त्यांनी सगळं गिळलं आणि मग हळूच विचारलं, "कांदा दिसत नाही कुठे?"

"तुम्हीच परत म्हणालात ना, आई," जावई कुजबुजला. "चिरून झाल्यावर परत फ्रिजमध्ये ठेवला. मला वाटलं, दूध पाजणाऱ्या आईला चालत नसेल. आधी लिहून गेलात आणि मग आठवलं."

सासूबाईंनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. 'परता'चा काना द्यायचा राहून गेला होता. त्यांना असं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबायची वेळ आली. लेक आतून "श्श!" करत होती, आणि तिचा स्वतःचाच आवाज हसण्याने थरथरत होता.

संध्याकाळी जावई चिठ्ठी घेऊन खाटेशेजारी येऊन बसला. हसण्यावारी नेण्याचा त्याचा बेत दिसत नव्हता.

"काना मी समजून घेईन. पण आई, शिजवा म्हणजे कधीपर्यंत?"

"अहो, शिजेपर्यंत!"

"पण ते मला कसं कळणार? मी उकळी आली आणि बंद केलं. उकळलं म्हणजे शिजलं असं वाटलं मला."

इतक्या वर्षांत हा प्रश्न सासूबाईंना कुणी विचारला नव्हता. वसतिगृहात हाताखाली ज्या बाया आल्या त्या आपापल्या घरी शिकूनच आल्या होत्या. काय सांगावं? त्या विचार करत होत्या आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष आपल्या डाव्या हाताकडे गेलं. अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर घासली जात होती, काहीतरी चिरडल्यासारखी.

"द्या तो कागद," त्या म्हणाल्या.

या वेळी त्यांनी सावकाश, दमत दमत, मध्ये थांबून लिहिलं : "मसुराचा एक दाणा चमच्यात काढा. फुंकर मारा. दोन बोटांत चिरडा. लोण्यासारखा पसरला तर झालं. मध्ये कणी लागली तर अजून शिजू द्या, आणि थोड्या वेळाने दुसरा दाणा बघा."

जावयाने वाचलं. त्याचा चेहरा उजळला. "हां! आता कसं! हे मला करता येईल."

मग त्या दोघांचा जणू धंदाच सुरू झाला. सासूबाई लिहायच्या, जावई वाचून शंका काढायचा, सासूबाई वैतागायच्या आणि पुन्हा लिहायच्या. "मंद आच" वाचून तो म्हणाला की शेगडीच्या बटणावर तसं काही लिहिलेलं नाही. त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, "ज्योत पातेल्याच्या बुडाला टेकता कामा नये." "चवीनुसार" वाचून त्याने विचारलं, "कुणाच्या?" आता आली का पंचाईत! सासूबाईंचं मीठ मुठीचं, तेही शंभर पोरींचं. तीन माणसांचं कधी केलं होतं त्यांनी? त्या मिठाची बरणी आणि चमचा मांडीवर घेऊन बसल्या, डाव्या मुठीत मीठ घेतलं, पुन्हा सांडलं, पुन्हा घेतलं. बाळाला पाजता पाजता लेक बघत होती.

"आई, अगं काय चाललंय तुझं?"

"माझीच मूठ मोजतेय. गप्प बस."

कांद्याशी मात्र त्या अडल्या. लाल होईपर्यंत म्हणावं तर जावयाने तो एकदा कोळसा होईपर्यंत ठेवला होता. कारण, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, लाल असा तो कधी झालाच नाही, पांढऱ्याचा पिवळा झाला आणि एकदम काळा. सासूबाई डोळे मिटून बसल्या. पातेलं आठवलं. आणि त्यांना आधी ऐकूच आलं.

"कांदा टाकल्यावर लोणी जोरात चरचरेल," त्यांनी लिहिलं. "घाबरू नका. कांद्यातलं पाणी जातंय. हलवत राहा. मग आवाज खाली येईल. कांदा काचेसारखा दिसेल. गोड वास सुटेल. कडा तपकिरी व्हायला लागल्या की लगेच मसूर आणि पाणी. तिथे फोन आला तरी घेऊ नका."

जावयाने ती चिठ्ठी दोनदा वाचली. "आई, आमचंही असंच असतं. मोटर नीट चालत असली की तिचा एक सूर लागतो. नवीन माणसाला मी तेच सांगतो, आधी झाकण उघडू नकोस, आधी ऐक. स्वयंपाकातही ऐकायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"मलाही आत्ताच कळलं," सासूबाई म्हणाल्या.

त्या दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. सासूबाई खाटेवर कान देऊन होत्या. चरचर झाली, खाली आली, थांबली. आता, त्या मनात म्हणाल्या, आणि त्याच क्षणी पाणी ओतल्याचा आवाज आला. त्यांनी उशीला पाठ टेकली.

लेकीने पहिला चमचा तोंडात घातला आणि तिचे डोळे भरून आले. बाळंतपणापासून तिला रडायला तसं निमित्त लागत नव्हतंच. "अगदी आईच्या हातचं," ती म्हणाली.

"माझा हात इथे उशीवर आहे," सासूबाई म्हणाल्या. "हे त्यांच्या हातचं. त्यांना सांग."

जावयाने मान खाली घालून तिची वाटी पुन्हा भरली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

प्लास्टर निघेपर्यंत तो सूप, भात, उकडलेल्या भाज्या आणि बऱ्यापैकी ऑम्लेट एवढ्यापर्यंत पोचला होता. सासूबाई आपल्या घरी परत जायला निघाल्या, त्याच्या आदल्या दिवशी तो हात पुसत बाहेर आला.

"आई, आज तुमच्या आवडीचं करतो. सांगा."

"काहीही करा. मला काहीही चालतं."

"'काहीही' कसं करतात? लिहून द्या."

त्यांनी पेन उजव्या हातात घेतलं. बोटं अजून अशक्त होती. बराच वेळ कागद कोराच राहिला. पोरींच्या आवडी त्यांना पाठ होत्या, कुणाला काय पचत नाही तेही. पण स्वतः त्या नेहमी सगळ्यांच्या मागून बसल्या होत्या, पातेल्याच्या तळाला जे उरलं असेल ते घेऊन. बहुतेक वेळा ते गारच असायचं.

शेवटी त्यांनी लिहिलं : "भात. वर लोणी आणि मिरपूड. झाकण काढल्या काढल्या, वाफ निघत असताना, मला पहिल्यांदा वाढा."

जावयाने वाचलं, वर बघितलं, आणि काही न विचारता आत गेला.

ताट आलं तेव्हा वाफेने त्यांच्या चष्म्यावर धुकं आलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि जेवायला लागल्या. जावई शेजारी उभा होता, परीक्षेच्या निकालाला उभा राहावा तसा.

"पाणी किंचित जास्त झालं," त्या म्हणाल्या.

"किंचित म्हणजे किती?"

"पुढच्या वेळी दोन चमचे कमी घाला."

तो ते चिठ्ठीवर टिपून घेत होता तेवढ्यात लेक बाळाला खांद्यावर घेऊन आली. लोण्याचा वास तिला आतपर्यंत पोचला होता. "आई, एक घास दे ना गं," म्हणत तिने तोंड पुढे केलं.

सासूबाईंनी ताट आपल्याकडे ओढलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी माझं होऊ दे."

जावई हसला आणि आणखी तांदूळ धुवायला आत गेला.