ताईच्या उत्तराला लागणारा वेळ

धाकटी स्पीच थेरपिस्ट होती आणि कामात कुणाची भीड ठेवणारी नव्हती, अगदी सख्ख्या बहिणीचीही. मेंदूच्या झटक्याने ताईची वाचा गेली, तेव्हा हिनेच रोज व्हिडिओ कॉलवर बसवून तिचा एकेक शब्द परत आणला. आता ताई छान बोलायची. फक्त उत्तर द्यायला वेळ घ्यायची. धाकटी चित्र दाखवून "हे काय?" विचारी आणि उत्तर येईपर्यंत मनात आकडे मोजी. हीच तिची पद्धत. पण ताईची ती थांबण्याची सवय काही केल्या जाईना.

"नेट स्लो नाही ना?" तिने विचारलं होतं, नाही असं नाही. भावोजी उखडलेच. त्यांच्या डोंगरावरच्या घरात दुसरं कुठलं नेट पोचत नाही, म्हणून त्यांनी हौसेने छतावर सॅटेलाइटची तबकडी बसवली होती. "स्लो? अख्खा सिनेमा चुटकीसरशी उतरतो!" त्यांनी स्पीड टेस्टचा भलामोठा आकडा पाठवला. झालं, विषय मिटला.

आजारपणाआधी ताई अग्निशमन दलात आगीचे फोन घ्यायची. तिथे उशीर म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ. धाकटीने काळजावर दगड ठेवून दलाला कळवलं, "प्रतिसाद अजून संथ." ताईच्या खुर्चीवर दुसरी आली.

मग एका दुपारी तबकडी बिघडली आणि ताईने घरातल्या साध्या फोनवरून फोन केला.

"जेवलीस का गं?" धाकटीने विचारलं.

"कधीच! तू?"

"औषध?"

"घेतलं. भावोजी तुझे घोरतायत."

प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर! फोन ठेवून धाकटीने शोधलं, वाचलं. तबकडीवरून प्रत्येक शब्द आभाळातल्या उपग्रहापर्यंत जाऊन खाली येत होता, उत्तरही तसंच. आकडा मोठा म्हणजे एका खेपेला माल जास्त, एवढंच. ट्रक मोठा म्हणून लवकर पोचतो थोडाच! ती मोजत बसली होती ती वाट, ताईचं डोकं नव्हे. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

तिने पुन्हा फोन लावून सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, ताई. मी आजच दलाला कळवते."

"जागा भरली गं."

"तरी कळवते."

"कळव." ताई म्हणाली. "मी आरशासमोर बसून भरभर बोलायचा सराव करायचे. तिथे जमायचं, तुझ्यासमोर नाही. मला वाटलं, आपण स्वतःलाच फसवतोय."