शेवटचा नॉब

तिचा नवा बेस, म्हणजे खर्जाची गिटार, घरी आला तेव्हा धाकट्या दिराने त्याला हात लावण्याआधी बोटं शर्टाला पुसून घेतली. एका कारागिराने हाताने घडवलेलं वाद्य होतं ते, कित्येक महिने वाट पाहायला लावून मिळालेलं. नॉब मोजायला गेलेली नणंद अर्ध्यावरच थांबली. "अगं, हे वाजवायचं की विमानासारखं उडवायचं?"

बँड घरचाच होता. नणंद गायची आणि सगळ्यांवर हुकूमही तीच सोडायची. दीर कीबोर्डवर, नवरा ड्रम्सवर आणि घरची सून, ती स्वतः, बेसवर. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती नवऱ्याच्या मोठ्या झांजेला खेटून उभी राहत आली होती. तिथून त्याचा ढोल वाजवणारा पाय दिसायचा, आणि तो पाय नि तिची बोटं एकत्र पडली की बाकीच्यांना कसली चिंता नसायची. लोक तिला खर्जाबाई म्हणायचे. तिलाही ते आवडायचं.

त्या दुपारी बाकीचे यायच्या आधीच ती तालमीच्या खोलीत जाऊन बसली. जुन्या बेसला दोनच नॉब होते आणि कुठेही फिरवा, आवाज तोच यायचा. इथे मात्र नुसती चंगळ होती. खर्जाचा नॉब जरा पुढे नेला तर खुर्चीचे पाय थरथरले. मधल्या पट्टीला दोन नॉब, एक ती वरखाली करणारा आणि दुसरा तिच्यातला नेमका कुठला भाग उचलायचा ते ठरवणारा. तो दुसरा हळूहळू फिरवला तसा एकच सूर आधी नाकात बोलला, मग घशात, मग थेट छातीत. ती एकटीच खुदकन हसली. मग तिने शेवटचा नॉब धरला, ट्रेबलचा, वरच्या टोकदार आवाजाचा.

मध्यावरचा बारीक खटका बोटाला लागला. पुढे फिरवला. काही नाही. अगदी टोकाला नेला, परत उलट्या टोकाला आणला. आवाज जसाच्या तसा.

'सर्किट गेलं वाटतं,' तिच्या मनात आलं. नवीकोरी वस्तू आणि पहिल्याच दिवशी ही रड! तिने पाठीमागचं झाकण उघडून बॅटरी बदलली. आतल्या तारा एकेक करून हलवून पाहिल्या, सगळ्या घट्ट होत्या. झाकण लावून पुन्हा ट्रेबल टोकापर्यंत नेला आणि जोरात एक तान वाजवली.

"वहिनी!" दारातूनच दीर ओरडला. दोन्ही कानांवर हात. "दात शिवशिवले ना माझे! काय लावलंय हे?"

त्याच्या मागून आलेल्या नणंदेनेही तोंड वाकडं केलं. "कमी कर गं बाई. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटतंय."

तिच्या स्वतःच्या कानात तर तोच गोल, मऊ, नेहमीचा सूर होता.

"गंमत केली जरा," असं म्हणून तिने हसून नॉब मागे घेतला, खटका लागेपर्यंत. त्या दिवसापासून ती त्या खटक्याच्या आधाराने वाजवू लागली. कानाने नाही, बोटाने.

आठवड्याच्या शेवटी कार्यक्रम होता. मोठं सभागृह, शिवाय ध्वनिमुद्रण. तालमीत प्रत्येक गाण्यानंतर ती आधी दिराचा चेहरा बघायची. त्याने नुसती भुवई उचलली तरी तिचं बोट नॉबकडे जायचं. घरी तर वेगळंच सुरू झालं. कानाजवळ बोटं चोळून बघ, कागद चुरगाळून बघ. एकदा ती फ्रीजसमोर उभी राहून भाजी शोधत होती. आतल्या खोलीतून नवरा म्हणाला, "अगं, ते दार लाव ना. केव्हाचं पीं-पीं करतंय."

तिने दार लावलं. पीं-पीं कसली, तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. ओट्याला धरून ती तशीच उभी राहिली. आज हे गेलं. उद्या काय जाईल? माणसांचं बोलणं? खर्ज?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाते असं सांगून ती कान तपासणाऱ्या बाईंकडे गेली. ती बँडमध्ये वाजवते हे विचारून घेऊन त्यांनी तिला एका जाड दाराच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. "आवाज कितीही बारीक असू दे, ऐकू आला की दाबायचं."

दार बंद झालं. पहिले जाड सूर सहज आले. ती भराभर बटण दाबत होती, हुशार मुलीसारखी. मग सूर चढत गेले, बारीक झाले आणि कुठेतरी थांबले. तिने वाट पाहिली. आपल्या श्वासाशिवाय काही नव्हतं. संपली असेल तपासणी, असं वाटून तिने मान वर केली. काचेपलीकडे बाईंचा हात यंत्रावर फिरतच होता. त्या काहीतरी दाबत होत्या, तिच्याकडे बघत होत्या, पुन्हा दाबत होत्या.

आवाज चालू होते. तिच्याच कानांत चालू होते.

तिचा अंगठा बटणावरच होता. खोटंच दाबावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. दार ढकलून पळून जावंसं वाटलं.

"वरचे सूर गेलेत," ती बाहेर आल्यावर बाई सौम्यपणे म्हणाल्या. "डाव्या कानाचे जास्त. ते परत यायचे नाहीत. पण खालचं सगळं शाबूत आहे, आणि ते जपायचं असेल तर आजपासून जपा. तुमच्या डाव्या बाजूला काय असतं वाजवताना?"

डाव्या बाजूला नवरा असायचा.

सांगायचं कसं? घरी येईपर्यंत तिने दहा वाक्यं जुळवली आणि मोडली. नवरा अंगणात त्याच झांजा पुसत बसला होता, मऊ फडक्याने, बाळाचं अंग पुसावं तशा. तिने जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "मला ट्रेबल ऐकू येत नाही," एवढंच तोंडातून निघालं. मग बाकीचं सांडत गेलं.

तो ऐकत राहिला. हातातलं फडकं थांबलं. "माझ्यामुळे," तो म्हणाला.

"तसं नाही म्हणत मी."

"मग कोणामुळे? मीच म्हणायचो, जवळ ये, जवळ ये, पाय दिसला पाहिजे तुला." त्याने झांज पालथी ठेवली, पुन्हा उचलली, कुठे ठेवावी हे कळेना त्याला. त्याचा चेहरा पाहून तिला स्वतःपेक्षा त्याचीच काळजी वाटली.

नणंदेला कळलं तेव्हा ती आधी भडकली. "आणि इतके दिवस चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाहीस!" मग ती कामाला लागली. तिने रंगमंचावरच्या जागा बदलल्या, सगळ्यांसाठी कानात घालायचे बोळे आणले, आणि बेसचा ट्रेबल दिराने लावायचा असं ठरवून टाकलं.

कार्यक्रमाच्या दुपारी ती पहिल्यांदाच दुसऱ्या टोकाला उभी राहिली. इथून नवऱ्याचा पाय दिसत नव्हता. पहिल्या गाण्यात तो इतका दबकून वाजवत होता की झांजेला नुसती काठी टेकत होती. गाणं लंगडायला लागलं. नणंदेने गाता गाताच मागे डोळे वटारले. तिने बेस सावरत त्याच्याकडे वळून मानेनेच खूण केली. मार. तो मान हलवून नाही म्हणाला. तिने पुन्हा खूण केली, आता जवळजवळ रागाने.

त्याने मारली. तिला काठीचा ठोका लागला तेवढा समजला. पुढची लांबलचक झळाळी फक्त दिसली, पितळेची थरथरती कड. तिचे डोळे भरले, पण बोटं चुकली नाहीत. गाणं उभं राहिलं.

सामान गाडीत चढवताना नवरा एका बाजूला उभा होता. झांजांची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"त्या तपासणीच्या खोलीचं दार," तो म्हणाला, "आतून उघडतं का?"

"उघडतं."

"मी तर झांजेच्या तुझ्याहूनही जवळ बसतो गं." पिशवीचा बंद त्याने बोटाला करकचून गुंडाळला होता. "मला नाही जायचं तिथे एकट्याने."

तिने पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली, गाडीत ठेवली आणि तिथेच उभं राहून त्या बाईंना फोन लावला. उजव्या कानाला.